माशेलचा पाट आणि मदेराचा पाट

लिस्बनला जायचं ठरलं तेव्हा आमच्या गावी, गोव्यातल्या माशेलात, ज्याला त्याला एकच शंका: "नोंदणीला चाललात?" 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची जन्मनोंदणी लिस्बनमध्ये करून पोर्तुगीज पासपोर्ट काढण्याचा मार्ग आमच्याकडे शेंबड्या पोरालाही तोंडपाठ आहे. फक्त फिरायला जातोय म्हटलं की समोरचा हसायचा, "सांगायचं नसेल तर नका सांगू" अशा अर्थाचं.

आम्ही पाच जण. मी, नवरा, सोळा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे, म्हणजे बाबा. पोर्तुगीज राजवटीत बाबा 'सेगुंद ग्राव', म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची दुसरी पायरी, शिकले, त्यामुळे दुभाषा घरचाच असा आमचा हिशेब. दिवाळीच्या सुट्टीत बारा रात्री: लिस्बन चार, मदेरा बेट चार, पोर्तो दोन, व्हेनिस दोन. परत जायचं झालं तर पोर्तो गाळीन, व्हेनिसची एक रात्र कमी करीन आणि सगळ्या मदेराला देईन. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

व्हिसाचं काम वाटलं होतं त्याहून सोपं झालं. पोर्तुगालचा अर्ज पणजीतच देता येतो, मुंबईचे हेलपाटे नाहीत. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसासाठी ज्या देशात रात्री जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा. आमच्या दहा रात्री पोर्तुगालच्या, त्यामुळे प्रश्नच नव्हता. शुल्क मोठ्यांना 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45. सोळा वर्षांची मुलगी इथे मोठ्यांत धरतात, म्हणजे पाच जणांचे 405 युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटचे पंधरा दिवस उरेपर्यंत थांबू नका. आमचं अडलं ते एकाच ठिकाणी. बाबांच्या जुन्या दाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाचं, 'श'च्या जागी 'एक्स', आणि पासपोर्टवर आताचं इंग्रजी स्पेलिंग. पर्यटन व्हिसाला पासपोर्टवरचं नाव चालतं, पण विमा, तिकीट आणि अर्ज या तिन्हींवर ते अक्षरशः सारखं आहे ना हे ताडून पाहा. एजंटाने विम्यावर एक अक्षर गाळलं होतं.

लिस्बनमधलं घर ऑनलाइन बघून घेतलं होतं. फोटोत बाल्कनी, बाल्कनीत फुलं, खाली आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्या. लिफ्टबद्दल विचारायचं राहिलं. चौथा मजला, लाकडी गोल जिना, सामान पाच बॅगा. बाबा दर मजल्यावर थांबून "अजून किती?" असं कोणालाही उद्देशून न विचारता विचारत होते. लिस्बन टेकड्यांचं शहर आहे आणि जुन्या वस्तीतल्या बहुतेक घरांना लिफ्ट नाही. घरात वयस्क माणूस असेल तर लिफ्टबद्दल लेखी विचारा आणि मेट्रोपासून चढ किती तेही विचारा. गुळगुळीत चुनखडीच्या तुकड्यांची ती सुंदर पायवाट, कालसाद, पावसात तेलासारखी निसरडी होते. चांगल्या तळव्याचे बूट घ्या. चपला मी पहिल्याच दिवशी बॅगेत टाकल्या.

लिस्बनमध्ये माणशी रात्री चार युरो पर्यटन कर आहे, तेरा वर्षांखालच्यांना माफ. आमचे चार रात्रींचे 64 युरो झाले आणि घरमालकाने ते रोख मागितले. युरो थोडे तरी हातात असू द्या.

आता दुभाषाची गोष्ट. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी उपाहारगृहात ताठ बसून शाळेत शिकवलेल्या पोर्तुगीजमध्ये ऑर्डर दिली. वेटरने शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "पानी ठंडा या सादा?" तो नेपाळचा होता. पुढे कळलं, लिस्बनच्या हॉटेलांत नेपाळी आणि बांगलादेशी माणसं ठायी ठायी आहेत. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण बाबांच्या भाषेचा उपयोग दुसरीकडे झाला. रस्त्यावरच्या पाट्या वाचता वाचता मुलाने खेळच मांडला. जनेला, म्हणजे आमचं जनेल. शाव्ह, म्हणजे चावी. मेझा, म्हणजे मेज. बटाटा, अननस, पगार, साबण, फीत, परात. दर शब्दाला आजोबांकडून अर्धा युरो ठरला होता. दोन दिवसांत बाबांनी दर कमी केला.

खाण्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं, त्याला कुवेर म्हणतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात लावायच्या आधी परत द्या, कोणी रागावत नाही. आम्ही पहिल्या दिवशी यजमानांचं प्रेम समजून सगळं संपवलं आणि बिलात बघितलं. दुसरं, सोमवार पाळणाऱ्यांसाठी: काल्दु व्हेर्द हे बटाट्याचं आणि हिरव्या पाल्याचं सार दिसायला अगदी सात्त्विक, पण त्यात बहुतेक वेळा चोरिसाचे, म्हणजे डुकराच्या सॉसेजचे, काप तरंगत असतात. 'सोपा द लेगुमेश' मागा, आणि तरीही विचारून घ्या. पोर्तुगीजांचा लाडका बाकल्याव म्हणजे खारवलेला सुका मासा. तो एकदोन दिवस पाण्यात ठेवून मीठ काढतात. बाबांनी एक घास घेऊन निर्णय दिला: "आपलं खारं. पुरुमेंतातलं." पुरुमेंत, म्हणजे आमची पावसाळ्याची बेगमी, हा शब्दही इथलाच हे त्यांनीच सांगितलं आणि नातवाकडून उलट अर्धा युरो वसूल केला.

नरकचतुर्दशीची पहाट त्या चौथ्या मजल्यावर झाली. पोहे आणि गूळ घरून नेला होता. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवासी म्हणून नेता येत नाहीत, पेढे-बर्फी घरीच ठेवा. नारळ मार्तीं मोनीझ भागातल्या बांगलादेशी दुकानातून आणला. कारीट कुठून आणणार? मुलाने दाराबाहेर छोटा टोमॅटो अंगठ्याने फोडला. जिन्यावरचा डाग पुसायला मला खाली वाकावं लागलं तेव्हा शेजारीण दार किलकिलं करून बघत होती. दुपारी लुमियार भागातल्या राधाकृष्ण मंदिरात गेलो. तिथे शाकाहारी जेवण मिळतं, आणि चार दिवसांच्या पावानंतर वरणभातासमोर आम्ही कोणीही एकमेकांशी बोललो नाही.

लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमस मठ बघायला मोठी रांग आणि तिकीट. पण मठाला लागून असलेल्या चर्चला तिकीट नाही, आणि वास्को द गामाची कबर त्या चर्चमध्येच आहे, समोर कवी कामोंइशची. घाई असेल तर तेवढंच बघा. मुलाला वास्को म्हणजे रेल्वे स्टेशन. "हा माणूस होता?" त्याने मोठ्याने विचारलं. मला तिथे वेगळंच आठवत होतं. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडण बेटावरचा, पोर्तुगीजांच्या काळात तिथून हलवलेला. म्हणजे आमच्या गावाची गोष्टच या माणसाच्या गलबतामागून सुरू होते. बाबा कबरीजवळ थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "शौचालय कुठे आहे बघ."

ट्राम 28 बद्दल सगळे सांगतात ते खरं आहे, देखणी आहे आणि खिसेकापूंची लाडकी आहे. नवऱ्याचं पाकीट गेलं. कार्डं आम्ही आधीच तिघांत वाटून ठेवली होती म्हणून प्रवास थांबला नाही. रेस्तावराडोरेस चौकात पर्यटकांसाठी पोलीस चौकी आहे, विम्यासाठी तिथला दाखला घ्या. ट्राममध्ये बसायचंच असेल तर सकाळी सातला.

मदेराला विमानाने दोन तासही लागत नाहीत. आम्हाला नऊ लागले. फुंशालची धावपट्टी डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात, तिचा काही भाग समुद्राच्या काठाने उभारलेल्या 180 खांबांवर, आणि आडवा वारा सुटला की विमानं उतरवत नाहीत. आमचं विमान दोनदा खाली आलं, दोनदा वर गेलं आणि शेजारच्या पोर्तु सांतु बेटावर उतरलं. मुलगी रडली, मी रडले नाही एवढंच. पाच तासांनी वारा पडला. पायलटने केलं ते बरोबरच केलं, पण जमिनीवर पाच तासांत पाण्याच्या एका बाटलीपलीकडे कोणी काही विचारलं नाही. म्हणून सांगते: मदेराहून निघाल्याच्या दिवशीच भारताचं विमान कधीही ठेवू नका. मध्ये निदान एक मोकळा दिवस हवा. आणि बिस्किटं हातातल्या पिशवीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीचं दार उघडलं तर समोर केळी. डोंगर कापून केलेल्या पायऱ्यांवर, घरांच्या मधल्या फटींत, समुद्रापर्यंत केळीच केळी. माड नाहीत, पोफळी नाहीत, पण हवा आमच्या कुळागराची, म्हणजे माड-पोफळींच्या बागेची. बाबा चहा न घेता खाली उतरले.

या बेटाची खरी गंमत लेवाडा. उत्तरेकडे पाऊस भरपूर, शेती आणि वस्ती दक्षिणेकडे. म्हणून गेल्या पाच-सहाशे वर्षांत लोकांनी डोंगराच्या कडेकडेने दगडी पाट खोदून पाणी इकडे आणलं. पाटाच्या कडेला देखभाल करणाऱ्याला चालायला वाट, आणि आज जगभरचे लोक त्याच वाटेने भटकतात. आम्ही रिबेइरु फ्रीवहून निघणारी बाल्कोंइशची लेवाडा निवडली. जेमतेम दीड किलोमीटर, जवळजवळ सपाट, शेवटी दरीवरचा कठडा आणि हातावरून दाणे टिपणारे छोटे पक्षी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सहज जमते. लांबच्या लेवाडांवर बोगदे आहेत, एका बाजूला कडा आहे. तिथे टॉर्च हवा आणि उंचीची भीती असणाऱ्याने जाऊ नये. काही वाटांना आता शुल्क आहे आणि दरड कोसळली की वाट बंद होते, आदल्या रात्री चौकशी करा.

पण आम्ही शेवटपर्यंत वेळेत पोहोचलो नाही. शंभर पावलांवर बाबा खाली बसले आणि पाण्यात हात घातला. "हो आमचोच पाट," म्हणाले. उतार किती दिलाय, पाणी पळत नाही आणि थांबतही नाही, हे त्यांनी झाडाचं पान सोडून मोजलं. तेवढ्यात वरून कमरेला कोयता लावलेला एक माणूस आला, पाटातला पाला काढत. लेवाडेरु, म्हणजे पाटाचा राखणदार. बाबांची शाळेतली पोर्तुगीज इथे पहिल्यांदा कामाला आली. चाळीस मिनिटं दोघे बोलले. पाणी तासांवर वाटतात, ज्याची पाळी रात्री दोनला त्याने दोनला उठायचं. पाळीवरून भांडणं? होतात. सख्ख्या भावांत? त्यांच्यातच जास्त. बाबा इतके खूश मी वर्षभरात पाहिले नव्हते. आमच्या कुळागरातल्या पाण्याच्या पाळीवरून ते आणि धाकटे काका गेली बारा वर्षं बोलत नाहीत.

त्याच दिवशी आणखी एक घोळ झाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. फोन आपोआप बदलतो, बाबांचं एचएमटी बदलत नाही. त्यांनी सगळ्यांना पहाटे पाचला उठवलं आणि बसथांब्यावर तासभर गारठवलं.

मदेरात जेवणाची चिंता कमी. बोलु दु काकु हा रताळं घातलेला, दगडावर भाजलेला पाव लसणीच्या लोण्याबरोबर कुठेही मिळतो. बाजारात फळं चाखायला देतात तेव्हा आधी किलोचा दर विचारा. एका फळवाल्याने चार प्रकारची पॅशनफ्रूट चाखवून साडेतेवीस युरोंची पिशवी हातात दिली. चूक आमची, माशेलच्या बाजारात आम्ही असं करतो का?

पोर्तोत दोन्ही दिवस पाऊस. नदी बघितली, पूल बघितला, झोपलो.

व्हेनिसला पाण्यातली बस, वापोरेत्तो. 75 मिनिटांचं तिकीट 9.50 युरो. गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत पायी माणसाला आजही तिकीट नाही, त्यामुळे बाबांनी पहिल्यांदा चढायलाच नकार दिला. एका दिवसात तीनदा बसणार असाल तर 25 युरोंचा चोवीस तासांचा पास घ्या. मोठ्या बॅगा नेऊ नका, प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. बुरानो बेट मात्र चुकवू नका. फोंदामेंते नोव्हे धक्क्यावरून 12 नंबरची बोट पाऊण तासात नेते, रंगीत घरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, दारात गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या. सान मार्को चौकात घोट्याएवढं पाणी आलं होतं. लोक फोटो काढत होते. आम्ही पणजीच्या मळा भागात पावसाळ्यात हेच फुकट बघतो.

विमानं, राहणं, खाणं, व्हिसा, गेलेलं पाकीट, सगळं धरून साडेदहा लाख झाले. निम्मे विमानांचे.

घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्यांनी कुंपणावरून विचारलं, "मग, कागद झाले?" बाबा हातात खोरं घेऊन कुळागराकडे निघाले होते. जवळजवळ दोन आठवड्यांच्या पाल्याने पाट तुंबला होता. "पाण्याची वेळ कोणाची आहे आज?" एवढंच त्यांनी विचारलं. धाकट्या काकांची होती.