तीन ब्लड कल्चर आणि एक बेसिन

शनिवारी दुपारी लॅबमधून फोन आला. "मॅडम, एनआयसीयूचं अजून एक ब्लड कल्चर पॉझिटिव्ह. पुन्हा सेराशियाच." एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, सेराशिया हा एक जंतू, आणि कल्चर म्हणजे रक्तात जंतू वाढतो का ते पाहणारी तपासणी. नऊ दिवसांतलं हे तिसरं.

मी आधी नको ते केलं. स्वॅबचा गठ्ठा घेऊन दिसेल ते पुसत सुटले: इनक्युबेटरची दारं, मॉनिटरची बटणं, टेलिफोन. सगळं निगेटिव्ह. तोवर कुजबुज सुरू झाली होती, नवीन सिस्टर आल्यापासूनच हे चाललंय म्हणून. तिने हात धुऊन धुऊन सालपटं काढली होती.

मग मुकाट्याने लाइन लिस्ट, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशी यादी, करायला बसले. जन्मानंतर ७२ तासांनी रक्तात सेराशिया सापडला तर केस, अशी व्याख्या ठरवली. वजन, बेड, नाळेतून घातलेली नळी, दूध, औषधं, ड्यूटी, सगळं एका तक्त्यात. वरवर ठणठणीत बाळांचेही स्वॅब घेतले, तर दोघांच्या आतड्यात तो निमूट बसलेला. त्यांना वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या सिस्टरकडे दिलं.

ड्यूटीचा मेळ काही बसेना. तिसरं बाळ आजारी पडलं त्या आठवड्यात ती सिस्टर रजेवरच होती! बेडही एकमेकांपासून लांब. पण पाचही बाळांची इंजेक्शनं भरली जायची बेसिनशेजारच्या ओट्यावर. पलीकडच्या ओट्यावरचं एकही बाळ यादीत नव्हतं.

रात्री बेसिनच्या जाळीत फ्लुरोसीन हा चमकणारा रंग ओतला, नळ पूर्ण सोडला, दिवे मालवले आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला. ट्रेवर, सिरिंजच्या वेष्टनांवर, कापसाच्या डब्यावर हिरवे ठिपके चमकत होते. धार थेट जाळीवर आपटून गटारातलं पाणी वर उडवत होती. खालच्या ट्रॅपमधल्या (पाणी साठून राहतं त्या वाकड्या नळीतल्या) बुळबुळीत थरात सेराशिया सापडला. पुढे बाळांच्या रक्तातल्या जंतूशी त्याचा जीनोमही (सगळी जनुकीय रचना) जुळला. (हा जंतू लाल रंगासाठी प्रसिद्ध, पण रुग्णालयातला बहुधा बिनरंगीच असतो. आमचाही तसाच.)

दोन बाळं सावरली. नऊशे ग्रॅमचं तिसरं गेलं.

औषधांचा ओटा त्याच रात्री हलवला. ट्रॅपमध्ये नुसतं ब्लीच ओतून तो चिकट थर जात नाही, ट्रॅप बदलावाच लागला. नळाची धार बाजूला वळवायला मात्र तीन सह्या हव्या होत्या. त्या येईपर्यंत बेसिनला चिकटपट्टी मारून आम्ही वर मार्करने लिहिलं: वापरू नये.