तुम्ही विचारलंत म्हणून: जावातली माणसे ज्वालामुखीपाशी का राहतात?

भूगोलावर लिहीत असल्यामुळे मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो: इंडोनेशियातल्या जावा बेटावरची माणसे धोका ठाऊक असूनही ज्वालामुखीच्या पायथ्याशी का राहतात? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असते, आणि ते अंधश्रद्धा किंवा नाइलाज यांपैकी एक असते. मला दोन्ही अपुरी वाटतात.

शेजारचे बोर्निओ जावाच्या पाचपटींहून मोठे आहे. तरी 2020 च्या जनगणनेत जावावर सुमारे 15 कोटी माणसे मोजली गेली आणि बोर्निओच्या इंडोनेशियन भागात दोन कोटीही भरली नाहीत. पाऊस दोन्हीकडे भरपूर आहे; फरक मुख्यतः मातीत आहे. उष्ण कटिबंधातला पाऊस जमिनीतले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश सतत धुऊन नेतो. बोर्निओच्या जुन्या, झिजलेल्या जमिनीची ही तूट सहसा भरून निघत नाही, तर जावात ती ज्वालामुखींची राख भरून काढते. ताजी राख मात्र उभ्या पिकाचा नाशच करते (हे सांगायचे बहुतेकांचे राहून जाते). पावसाने झिजून ती मातीत मिसळली की मगच जमीन सुपीक होते. शिवाय हे उंच डोंगर ढग अडवतात, त्यांच्या सच्छिद्र थरांत मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांवाटे बाहेर पडते, आणि त्या पाण्यावर अनेक ठिकाणी वर्षाला भाताची दोन, कधी तीन पिके निघतात.

पाणी घातही करते. 1919 साली जावातल्याच केलूद ज्वालामुखीच्या उद्रेकात विवरातले सरोवर बाहेर फेकले गेले आणि चिखलाच्या लोंढ्यांनी, म्हणजे लाहारांनी, सुमारे पाच हजार बळी घेतले. पुढे सरोवराची पातळी उतरवण्यासाठी डच राजवटीने बोगदा खणला. 2014 मध्ये केलूद पुन्हा उसळला, तेव्हा वेळेवर इशारा मिळाल्याने मृतांचा आकडा दहाच्या आत राहिला.

अंधश्रद्धेचा दाखला म्हणून जावातल्याच मेरापी ज्वालामुखीचे पारंपरिक राखणदार म्बाह मारिजान यांचे नाव घेतले जाते. 2010 च्या उद्रेकात त्यांनी गाव सोडले नाही आणि ते मरण पावले. त्या उद्रेकाने साडेतीनशेहून अधिक माणसे मारली. परंतु निवाऱ्यात गेलेले अनेक शेतकरीही गायींना चारा घालण्यासाठी धोक्याच्या पट्ट्यात परतत होते, कारण दुभती जनावरे हीच त्यांची पुंजी होती. अखेर सरकारला गुरे विकत घेण्याची तयारी दाखवावी लागली, आणि 2020 साली मेरापीवरच्या वस्त्या हलवताना गुरांचीही सोय केली गेली.