स्पर्धेला परगावी गेल्यावर संघानं जेवायचं कुठे?

परक्या शहरात संघाच्या जेवणाची आखणी सामन्याच्या वेळेपासून उलटी मोजत करावी. सामना दुपारी २ वाजता असेल तर मुख्य जेवण ११ वाजेपर्यंत उरकलेलं हवं, कारण पोटभर जेवण पचायला तीन-चार तास लागतात. गडबड इथेच होते. साडेदहाला बऱ्याच हॉटेलांतला नाश्ता संपतो आणि दुपारचं जेवण १२ नंतरच मिळतं. म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा: उद्या साडेदहाला गरम जेवण मिळेल का? नकाशावर हॉटेल उघडं दिसलं तरी शेगडी पेटलेली असेलच असं नाही.

संध्याकाळच्या सामन्याला वेगळी अडचण. सामना लांबतो, मग अंघोळी, मग बस. हॉटेल किती वाजता बंद होतं यापेक्षा शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात ते विचारा. स्वयंपाकघर बरंच आधी आवरतं.

मैदानाच्या फाटकासमोरची ठिकाणं मध्यंतरात आणि सामना सुटल्यावर एकदम भरतात. दहा-पंधरा मिनिटं चालायची तयारी ठेवली तर गर्दी निवळते. त्यातही मुक्काम आणि मैदान यांच्या वाटेवरचं ठिकाण धरा, उलट दिशेचं कितीही चांगलं असलं तरी नको. प्रेक्षक म्हणून आलेल्या पालकांनी तिकिटावरचा नियम आधी वाचावा: अनेक मैदानांत एकदा बाहेर पडलं की परत सोडत नाहीत, आणि बाहेरचा डबाही आत नेऊ देत नाहीत.

अठरा जणांनी अठरा वेगळे पदार्थ मागवले तर पहिल्याचं जेवून होतं तेव्हा शेवटच्याची थाळी आलेली नसते. दोन-तीन पदार्थ ठरवून आकडे आदल्या दिवशीच कळवा. कोणाला कशाची ॲलर्जी आहे ते मात्र लेखी द्या. फोनवर सांगितलेलं आचाऱ्यापर्यंत पोचेलच याची खात्री नसते.

सामन्याआधी भात, पास्ता, बटाटा, पाव असं पिष्टमय खाणं बरं. तळलेलं आणि मलईदार टाळावं, ते पोटात जास्त वेळ राहतं. तीन तास आधीच्या जेवणात वजनाच्या दर किलोला साधारण ३ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ६० किलोच्या खेळाडूला १८० ग्रॅम, हा चांगला अंदाज आहे. त्याच दिवशी दुसरा सामना असेल तर हॉटेल शोधण्यात वेळ घालवू नका. पहिला सामना संपताच दर तासाला दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि त्यासाठी केळी, पाव बॅगेतच हवेत.

बुफेबद्दल मी फार कडक आहे. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलेला हवा. वाफ दिसत नसेल तर किती वेळापासून ठेवलाय ते विचारा. थंड होत पडलेलं अन्न दोन तासांपुढे खाऊ नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापुढेही नाही. भाताचं विशेष सांभाळा: बाहेर राहिलेल्या भातात जिवाणूंनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

हात साबणानंच धुवायला लावा, कारण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. २०१७ च्या लंडन जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत खेळाडूंच्या हॉटेलात हीच साथ आली, आणि बोट्स्वानाच्या आयझॅक मकवालाला आजारपणामुळे वेगळं ठेवल्यानं ४०० मीटरची अंतिम शर्यत धावता आली नाही. संघात कोणाला उलट्या सुरू झाल्या तर त्याचं जेवण खोलीत पाठवा आणि बाकीच्यांना बुफेऐवजी वाढलेलं ताट मागा. वाढायचा चमचा तरी सगळ्यांच्या हातून फिरत नाही.