तुम्ही विचारलंत म्हणून: गूगलवर जमीन दिसते, तर हाताने नकाशा कशाला काढायचा?

दोन एकर घेतलेत, पर्माकल्चर करायचंय, झाडं कोणती लावू? हा पहिला प्रश्न असतो. (पर्माकल्चर म्हणजे निसर्गाच्या रचनेवर बेतलेली, टिकाऊ शेती.) आधी नकाशा काढा म्हटलं की लगेच दुसरा येतो: गूगलवर दिसतंय की सगळं, हाताने कशाला?

गूगलवर विहीर, झाडं, छप्पर दिसतं. उतार दिसत नाही. जुलैत पाणी कुठून शिरतं, कुठे थांबतं आणि कुठला बांध फोडून जातं, हे तर नाहीच नाही. शिवाय मोबाइलचा जीपीएस मोकळ्या रानातही तीन-पाच मीटर इकडेतिकडे असतो. दोन एकरांत तेवढ्याने हद्दीवरचं झाड शेजाऱ्याचं होतं.

हद्दीपासूनच सुरू करा. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, आकार नाही. आकारासाठी गटाचा नकाशा लागतो. बांध वर्षानुवर्षं कोरला गेला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, मगच कुंपण आणि झाडं.

मग आलेख कागद आणि 30 मीटरचा टेप. प्रमाण 1:500, म्हणजे 1 सेंमीला 5 मीटर. दोन एकर साधारण 8,100 चौरस मीटर. जमीन चौरस धरली तर बाजू 90 मीटर आणि कागदावर 18 सेंमी. साध्या ए-फोर कागदावर मावते. चारही बाजू मोजून बहुतेक जण थांबतात आणि तिथेच फसतात, कारण त्याच चार बाजूंचा चौकोन हवा तसा तिरका होऊ शकतो. एक कर्ण मोजलाच पाहिजे. विहीर, मोठी झाडं, विजेचे खांब दोन पक्क्या कोपऱ्यांपासून मोजा आणि कागदावर कंपासने दोन कंस काढा. छेदतील ती जागा. विजेच्या तारा आणि वहिवाटीचा रस्ताही दाखवा. ते विसरले जातात.

आता खरं काम, समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. दोन बांबू, एक आडवी काठी, ओळंबा, एवढ्यात ए आकाराची चौकट होते. पायांत अंतर 2 मीटर. आधी ती तपासून घ्या: दोन दगडांवर उभी करून ओळंब्याची खूण करा, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण, दोन्हींच्या मधोमध समपातळी. हे टाळून चौकट नुसती सरकवत नेली आणि दर टप्प्याला 1 सेंमी चुकलं, तर 90 मीटरवर 45 सेंमी चूक साठते. म्हणून मागचा पाय उचलून पुढे फिरवायचा. चूक आलटून पालटून कटते. गवंड्याचा लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळीही चालते, फक्त आत हवेचा बुडबुडा नको. दर 50 सेंमी उंचीला एक रेषा, खुंट्या, फक्की आणि मग कागद. 3 टक्के उताराच्या 90 मीटर रानात पाच रेषा पुरतात.

हे उन्हाळ्यात करा. पण पाणी दाखवायचं तर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन हिंडावंच लागतं. 50 मिमी पाऊस म्हणजे दोन एकरांवर चार लाख लिटर, वरच्या रानातून येणारं वेगळंच. ते आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या जागी बाण काढा.

समपातळी चर, म्हणजे या रेषांवर पाणी अडवायला खणलेले चर, सगळीकडे चालतात असं समजणं ही मोठी चूक. 30 सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा, रिकामा झाला की पुन्हा भरा. दुसऱ्या भरतीचं पाणी सकाळपर्यंत तसंच असेल, तर ती भारी काळी जमीन आहे. तिथे पाणी अडवलं की पपईची मुळं कुजतात. चराला 100 मीटरला 20 ते 30 सेंमी उतार द्या आणि पाणी नाल्याकडे काढा. मुरमाड जमिनीत चर समपातळीत ठेवा. सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, मात्र दोन्ही जमिनींत हवा. तो नसेल तर बांध सर्वांत ठेंगण्या जागी फुटतो.

ऊन-वाऱ्याचे बाण ट्रेसिंग पेपरवर वेगळे काढा. पर्माकल्चरचा जन्म 1970च्या दशकात टास्मानियातला, बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांच्या कामातून. तिथला सूर्य दुपारी उत्तरेला असतो, त्यामुळे तिकडच्या आकृत्या जशाच्या तशा उतरवल्या की उंच झाडं चुकीच्या बाजूला जातात. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे 48 अंशांवर असतो. 10 मीटर झाडाची सावली उत्तरेकडे 9 मीटर पडते. दक्षिणेकडच्या आंब्याने उत्तरेचा हिवाळी भाजीपाला सावलीत जातो. पश्चिमेला मात्र उंच झाडं हवीतच: एप्रिल-मेचं तिसऱ्या प्रहरचं ऊन आणि पावसाळी वारा दोन्ही तिकडूनच. वाळलेल्या गवताच्या बाजूला जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, दाखवा.

घरापासूनच्या अंतराचं गणित सोपं आहे. दिवसातून दोनदा जावं लागतं ते, म्हणजे कोथिंबीर, कोंबड्या, दाराजवळ. वर्षातून चारदा जायचं ते टोकाला. आधी पाणी मांडा, मग रस्ते, मग झाडं.

झाडं शेवटी. पुठ्ठ्याच्या टिकल्या कापा: 10 मीटर पसाऱ्याच्या आंब्याला 2 सेंमी, 5 मीटरच्या पेरूला 1 सेंमी. चर, तारा आणि सावल्या टाळून त्या कागदावर ठेवा, एकीवर एक येऊ न देता. बसतील तेवढीच रोपं मागवा.