पंचावन्न हजारांचा डबा

मे २०२४मध्ये माझ्या पीएस ४ने, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या सोनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलने, मान टाकायला सुरुवात केली. गेम लावला की आतला पंखा असा घोंघवायचा की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "मिक्सर कोणी लावलाय रे?" पीएस ५ घ्यायचा हे मनात पक्कं होतं, पण ५४,९९० हा आकडा बघितला की हात आखडायचा.

त्यात दादाला विचारण्याची चूक केली. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नोकरी सांभाळून लोकांना कॉम्प्युटर जोडून देतो आणि कन्सोल म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. "अरे, २०२०चं हार्डवेअर आहे ते. भारतात २०२१च्या फेब्रुवारीत आलं तेव्हा ४९,९९०ला होतं. जुनं झाल्यावर किंमत उतरायची, तर यांनी पाच हजार वाढवली!"

हा मुद्दा खोडता येईना. पीएस ४ अमेरिकेत २०१३मध्ये ३९९ डॉलरला आला आणि तीन वर्षांत २९९वर उतरला. पीएस ५चं उलटंच झालं. एप्रिलमध्ये आपल्याकडे बारीक अंगाचं नवं मॉडेल आलं, तेही चढ्या किमतीलाच.

मग मीही हट्टाला पेटलो. "ठीक आहे, तेवढ्याच ताकदीचा पीसी तेवढ्याच पैशांत जोडून दाखव." शनिवारी दोघं पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, तापकीर गल्लीत गेलो.

खरी मजा इथे आली. पीएस ५मध्ये एएमडी या चिप कंपनीचा आठ कोअरचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर आहेत आणि १६ जीबी जीडीडीआर ६ (ग्राफिक्ससाठीची वेगवान) मेमरी दोघं वाटून घेतात. पीसीत प्रोसेसरची रॅम वेगळी विकत घ्यायची आणि ग्राफिक्स कार्डावरच्या मेमरीचे पैसे वेगळे मोजायचे. कन्सोलची ग्राफिक्सची ताकद कागदावर १०.२८ टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी होतात, त्याचं माप). त्याच्या आसपासचं कार्ड, बरा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान साठवण), पॉवर सप्लाय, कॅबिनेट असं करत कोटेशन ६८ हजारांवर गेलं. विंडोज, कीबोर्ड, माऊस त्यात धरलेलेच नव्हते. दादाने कार्ड एक पायरी खाली आणलं, तरी साठच्या आत काही येईना. परतीच्या वाटेवर तो बराच वेळ गप्प होता.

म्हणजे मी जिंकलो? तसंही नाही. सुटे भाग घेऊन आपण ज्या भावात जोडतो, त्यापेक्षा कंपनीला कन्सोल बराच स्वस्तात पडतो. शिवाय कंपनीला डब्यावर फार कमवायचंच नसतं. सुरुवातीला तर पीएस ५ तोट्यात विकला जात होता. ४९९ डॉलरचं डिस्कवालं मॉडेल आता तोट्यात जात नाही, हे सोनीने ऑगस्ट २०२१मध्ये सांगितलं. वसुली होते ती नंतर. नवा मोठा गेम तेव्हा ४,९९९ रुपयांना होता, आणि विकत घेतलेले बहुतेक गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर पीएस प्लस या सोनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी वेगळी. दादाने कागदावर तीन वर्षांचे आठ गेम मांडले, सगळे नवेकोरे. चाळीस हजार! आता गप्प बसायची पाळी माझी होती.

घरी येऊन एक गोष्ट तपासली, जी आधीच बघायला हवी होती. आमचा टीव्ही. फोर-के आहे, पण सेकंदाला ६० चित्रंच (फ्रेम) दाखवणारा, म्हणजे ६० हर्ट्‌झचा. पीएस ५ सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत जाऊ शकतो, पण ती ताकद आमच्या हॉलमध्ये वापरलीच जाणार नव्हती. मग उरलं काय? एसएसडी. पीएस ४च्या हार्ड डिस्कवर गेम उघडेपर्यंत मी चहा टाकून यायचो. इथे सेकंदाला ५.५ जीबी वाचणारा एसएसडी. हा फरक कुठल्याही टीव्हीवर दिसतो, आणि माझ्या मते पैसे कुठे वसूल होत असतील तर इथेच.

डिस्क नसलेलं मॉडेल दहा हजारांनी स्वस्त होतं. तो मोह मात्र मी सोडला. माझ्याकडे पीएस ४च्या अकरा डिस्का आहेत, त्या पीएस ५वर चालतात, पण डिस्क घालायला फटच नसेल तर त्या शोकेसमध्येच ठेवायच्या. शिवाय सेकंडहँड डिस्क घ्यायची, संपवायची, विकून टाकायची, हा पुण्यातला माझा जुना धंदा. दोन-चारशेच्या घाट्यात गेम खेळून होतो. दादाचं चाळीस हजारांचं गणित तिथेच ढासळलं.

पहिल्या दुकानदाराने "नुसता मिळणार नाही, दोन गेमसकट घ्यावा लागेल" असं ऐकवलं. त्यातला एक क्रिकेटचाही नव्हता! तिथून सरळ बाहेर पडलो आणि चार दिवसांनी दुसरीकडून छापील किमतीला नुसता डबा आणला. टीव्हीच्या शेल्फमध्ये तो आडवासुद्धा मावला नाही, म्हणून आता देवघराच्या बाजूच्या स्टुलावर उभा आहे. आईला ते पसंत नाही, पण पंख्याचा आवाज येत नाही म्हणून चालवून घेते.

परवा दादा आला होता. आल्या आल्या कंट्रोलर हातात घेतला तो तीन तास सोडला नाही. ट्रिगर दाबताना बोटाला लागणारा ताण त्याला फारच आवडला. उठताना म्हणाला, "पीसीवर हाच गेम सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळतो, माहितीये ना?"




"माहितीये," म्हटलं. "रविवारी येणार आहेस का?"

"येतो की."