निवृत्तीनंतर वर्षभर मी घरी का बसलो?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर, कुठेही हा प्रश्न येतो. "काका, एवढ्या मोठ्या पदावरून निवृत्त झालात, बोलावणी आली असतीलच. मग पहिलं वर्ष काहीच का केलं नाहीत? बंदी असते का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

सरसकट बंदी नसते. मी केंद्र सरकारच्या सेवेत गट-अ अधिकारी होतो आणि शेवटची काही वर्षं निविदांच्या फायली माझ्या टेबलावरून जात. आमच्या पेन्शनच्या नियमांत अट अशी आहे की निवृत्तीनंतर 1 वर्षाच्या आत खासगी कंपनीत काम धरायचं तर सरकारची आगाऊ परवानगी हवी. पूर्वी ही मुदत 2 वर्षांची होती. आयएएस, आयपीएसवाल्यांना त्यांच्या वेगळ्या नियमांत अशीच अट आहे. काम म्हणजे फक्त पगाराची नोकरी नव्हे. संचालकपद, भागीदारी, सरकारी कचेऱ्यांशी संपर्क ठेवण्याचं सल्लागाराचं काम, हे सगळं त्यात येतं. परवानगीशिवाय रुजू झालं तर पेन्शन पूर्ण किंवा काही प्रमाणात रोखता येते. सरकारी मालकीच्या कंपन्या मात्र या अटीतून वगळल्या आहेत.

परवानगी देताना काय पाहतात? शेवटच्या 3 वर्षांत त्या कंपनीच्या कामाशी थेट संबंध असलेली संवेदनशील माहिती तुमच्या हाताखालून गेली का, तुमच्या कार्यालयाचं धोरण आणि कंपनीचं हित यांत संघर्ष आहे का, तुमची सेवापुस्तिका स्वच्छ आहे का, देऊ केलेला मोबदला अवाच्या सवा तर नाही ना. प्रश्न चांगले आहेत. पण सुरुवात होते ती अर्जदाराने स्वतः भरून दिलेल्या माहितीवरून आणि प्रतिज्ञेवरून. शिवाय सरकारने ठरावीक मुदतीत नकार कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. ज्याने आयुष्यभर फायली पाहिल्या आहेत त्याला कळेल, नुसती पडून राहिलेली फाईल कुणाच्या किती कामाची असते.

माझ्याकडेही एक कंपनी आली होती. निवृत्तीला दोन महिने झाले असतील. बोलणं अगदी सभ्य, आकडा माझ्या शेवटच्या पगाराच्या कितीतरी वर. मी विचारलं, नेमकं काम काय? त्यांनी करार, तांत्रिक अटी, लवाद यांतलं एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, "साहेब, तुमची तिथे ओळख आहे." तेव्हा लख्ख कळलं की त्यांना माझं तीस-पस्तीस वर्षांचं ज्ञान नको होतं. त्यांना हवा होता माझ्या जागी बसलेला मुलगा. त्याला मीच शिकवलं होतं; त्याचे गोपनीय अहवाल मी लिहिले होते. माझा फोन आला असता तर तो उठून उभा राहिला असता. अर्ज केला असता तर कदाचित परवानगी मिळालीही असती. मी अर्जच केला नाही.

एक वर्षाने काय बदलतं, हा प्रश्न मला खरा वाटतो. माहिती शिळी होते, हे कबूल. पण बॅचमेट, हाताखालची माणसं, त्यांच्या मनातली भीड, हे वर्षात जात नाही. ब्रिटनमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांना साधारण 2 वर्षं सरकारदरबारी वशिला लावायला मनाई असते, भले ते कुठेही नोकरी करोत. ती कल्पना मला पटते. माणसाला काम करू द्या, फक्त जुन्या दालनाचं दार वाजवू देऊ नका. शिवाय परवानगी कुणाला, कोणत्या कंपनीसाठी मिळाली, हे कुणाही नागरिकाला घरबसल्या वाचता आलं पाहिजे.

आपल्या घटनाकारांना हे उमगलं होतं. सरकारी हिशेब तपासणारे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक पद सोडल्यावर केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही सरकारी पदाला पात्र राहत नाहीत. लोकसेवा आयोगांच्या अध्यक्षांवर आणि सदस्यांवरही कलम 319 ने बंधनं घातली आहेत. राजकारणाचं दार मात्र सताड उघडं आहे. 2014 च्या सुरुवातीला मुंबईचे पोलीस आयुक्त असलेले सत्यपाल सिंह पद सोडून त्याच वर्षी बागपतमधून खासदार झाले. त्यात नियमभंग काहीच नव्हता, कारण तसा नियमच नाही. पद सोडल्यावर निवडणूक लढवण्याआधी काही काळ थांबावं लागावं असं निवडणूक आयोगाने 2012 मध्ये सुचवलं, सरकारने मानलं नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा विषय कायदेमंडळाचा आहे असं म्हणून याचिका फेटाळली. कंपनीत जायला वर्षाची अट आणि उमेदवारीला एका दिवसाचीही नाही, हे मला आजही पटत नाही.

वर्ष संपल्यावर मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कंत्राटी करार शिकवायला लागलो. तो मुलगा अधूनमधून फोन करतो, एखाद्या जुन्या कलमाचा अर्थ विचारतो. मी सांगतो. कुठल्या ठेकेदाराचं आहे, हे विचारत नाही.