आमची वाटचाल : सोसायट्यांच्या फायलींवर उभी राहिलेली फर्म

२०१४ साली ठाण्यात आम्ही दोघींनी फर्म सुरू केली. मी आणि माझी वर्गमैत्रीण, दोघी बीएसएल एलएलबी. दोघींनी आधी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करून घेतली, कारण सनद चालू असताना वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही आणि पूर्णवेळ पगारी नोकरीही करता येत नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. पाटीवर 'ॲडव्होकेट' लिहायचा प्रश्नच नव्हता. 'सहकारी गृहनिर्माण संस्थांचे दस्तऐवज व नोंदी' एवढंच लिहिलं.

घरी, नात्यात एकच विचारणा असायची, "मग कोर्टात कधी उभी राहणार?" पाच वर्षं कायदा शिकून मुलगी सोसायट्यांची दप्तरं लिहिते, हे पचायला जड जात होतं. सीनियर वकिलाकडे ज्युनिअर म्हणून काम करताना होणारी पैशांची ओढाताण सगळ्यांना ठाऊक असते. ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये स्टायपेंड द्यावा, ही बार कौन्सिल ऑफ इंडियाची शिफारस आली तीच मुळी २०२४ साली, आणि तीही शिफारसच. पण आम्ही पैशांना कंटाळून या वाटेला आलो नाही. हे काम आमच्या डोळ्यांसमोर पडून होतं आणि ते करायला कायदा वाचता येणारं माणूस लागत होतं.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अशा कितीतरी इमारती आहेत, जिथे लोक वर्षानुवर्षं राहतात, कर भरतात, पण खालची जमीन कागदावर अजून बिल्डरच्या नाहीतर मूळ मालकाच्या नावावर आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीविषयीच्या, कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्त, व्हायला हवा. तो होत नाही. मग डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण, बिल्डरने करून दिलं नाही तरी सरकारी आदेशाने होणारं, हा मार्ग उरतो आणि त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की कमिटीला याची आठवण येते, तोवर अर्धे कागद कुणाच्या माळ्यावर असतात, कुणाच्या बँकेत.

डोंबिवलीकडच्या एका सोसायटीची फाइल सांगते. सेक्रेटरी काका दोन पिशव्या भरून झेरॉक्स घेऊन आले. आमच्याकडच्या मुलीने आधी तक्ता केला. फ्लॅट क्रमांक, करारनाम्याची तारीख, नोंदणी क्रमांक, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) आहे की नाही, मुद्रांक शुल्क किती भरलं. तक्ता पुरा झाल्यावर तिने जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला विकसन करारनामा आणि मंजूर नकाशा शेजारी ठेवला. करारनाम्यात सर्व्हे नंबरचा एकच हिस्सा होता आणि इमारतीची एक विंग शेजारच्या हिश्श्यात गेलेली. त्या हिश्श्याचा सातबारा काढला, मागचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढल्या. मूळ मालक वारलेले, वारसनोंद झालेली, दोन बहिणींची नावं नव्याने चढलेली. सोसायटीने आधी केलेल्या अर्जात त्या बहिणींचा पत्ताच नव्हता. त्यांना नोटीस न जाता आदेश मिळाला असता, तर पुढे कुणीही तो आव्हानात अडकवला असता. सगळ्या वारसांना पक्षकार करून अर्ज नव्याने गेला. सुनावणी झाली, आदेश झाला, मग मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणं), दुय्यम निबंधकांकडे नोंदणी आणि शेवटी अधिकार अभिलेखात सोसायटीचं नाव. सुनावणीत वकीलसाहेब छान बोलले. पण ती केस त्या तक्त्याने आणि त्या फेरफाराने उभी केली, असं मी आजही ठामपणे म्हणते.

आमची हद्द आम्ही पहिल्या दिवसापासून पाळतो. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे वकिली फक्त वकिलानेच करायची, आणि कोर्टाबाहेर सल्ला देणं, मसुदे करणं हेही वकिलीतच मोडतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. त्यामुळे कायदेशीर मत आम्ही देत नाही, सुनावणीला उभं राहत नाही. सोसायटी आपला वकील नेमते, त्यांची फी थेट त्यांना देते. त्या फीमधला एक पैसा आम्ही घेत नाही, कारण वकिलाला बिगरवकिलाशी फी वाटून घेता येत नाही. "ताई, तुम्हीच उभ्या राहा ना," असं आपुलकीने म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना नाही म्हणावं लागतं.

डीम्ड कन्व्हेयन्सचं काम लांबतं, त्यावर महिन्याचा पगार निघत नाही. आमचा कणा म्हणजे वार्षिक करार : सभासदांच्या आय आणि जे नोंदवह्या, भाग प्रमाणपत्रं, नामनिर्देशन, हस्तांतरणाचे कागद, ३० सप्टेंबरच्या आत होणारी वार्षिक सभा आणि तिचं इतिवृत्त. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, तेव्हापासून कमिट्या स्वतःहून विचारायला येऊ लागल्या. कोविडची दोन वर्षं कशीबशी काढली.

आमच्याकडून बाहेर पडलेली मुलं पाहिली की बरं वाटतं. कुणी बँकेच्या विधी विभागात आहे, कुणी कंपनीत करारनामे तपासतं, एकीने सीएस (कंपनी सेक्रेटरी) केलं. एक जण कंपन्यांच्या अंतर्गत तक्रार समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून जाते, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने ती जागा बंधनकारक केली आहे. शहापूरकडची एक मुलगी कॉलेजात मूट कोर्टमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली खटल्यात, तोंड उघडत नव्हती, म्हणून तिला कमी लेखलं गेलं. पण वडिलांच्या जमिनीमुळे सातबारा ती शाळेपासून वाचत होती. आज कन्व्हेयन्सचं सगळं काम तिच्या हाताखाली चालतं. बोलण्याला कॉलेजात चषक असतात, वाचण्याला नसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दर उन्हाळ्यात शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना आम्ही स्टायपेंड देऊन घेतो. मुलाखतीत एक जुना फेरफार आणि एक विकसन करारनामा हातात देतो, आणि यात काय जुळत नाही ते अर्ध्या पानात मराठीत लिहायला सांगतो. गुणपत्रिका नंतर बघतो. यंदाचे अर्ज मार्चअखेरपर्यंत घेऊ. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यांनी आवर्जून अर्ज करावा.